न दिसणारा गंज



मागील लेखाच्या अखेरीस मुलांच्या पाठांतराविषयी लिहिण्याचे मी कबूल केले होते. तो विषय एक अंक पुढे ढकलण्याची परवानगी मागते. गेले सात महिने आमच्या घरात पाठांतरापेक्षा एका जुन्या शिडाच्या होडीचीच चर्चा अधिक चालली आहे. आणि ह्या सात महिन्यांत मला जे शिकावे लागले, ते अध्यापक विद्यालयात मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही आजवर कोणत्या वर्गाला शिकवले नव्हते.

पुरीमनंतरच्या आठवड्यात पाचवीच्या वर्गाला घेऊन मी किन्नेरेतच्या काठी गिनोसार येथे गेले होते. तेथील संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीची होडी ठेवलेली आहे, ती वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. १९८६ च्या जानेवारीत दुष्काळामुळे सरोवराचे पाणी मागे हटले असता किबुत्सातील लुफान बंधूंना ती चिखलात दिसली. पाणी पुन्हा चढू लागल्यामुळे अवघ्या अकरा-बारा दिवसांत ती उकरून, फेसाळ प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून, तरंगवत काठावर आणावी लागली. लाकडातले पाणी काढून त्याच्या जागी मेणासारखे द्रव्य भरण्यासाठी पुढे वर्षानुवर्षे तिला टाकीत बुडवून ठेवले होते. लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, रुंदी २.३ मीटर. वल्ह्यांनीही चालावी आणि शिडानेही, अशी ती होडी.

मुलांना मात्र तिच्या वयापेक्षा तिच्या ठिगळांचे नवल अधिक वाटले. फळ्या मुख्यतः सीडरच्या, आडव्या फासळ्या ओकच्या. परंतु अभ्यासकांना त्या एका होडीत तब्बल बारा जातींचे लाकूड सापडले. खरूब, पाईन, विलो, आपल्या बोरीच्या जातीचे एक झाड, उंबराच्या कुळातील शिक्मा, असे जे हाताशी आले ते त्या कोळ्यांनी बसवले. काही तुकडे तर आधीच्या कुठल्या तरी होडीतून काढून घेतलेले. एका मुलीने विचारले, “मोरा, एवढी दुरुस्ती करण्यापेक्षा त्यांनी नवी होडी का नाही घेतली?” मी उत्तर दिले, की चांगले लाकूड महाग होते आणि ते लोक गरीब होते. उत्तर चुकीचे नव्हते. पण ते देताना माझ्या डोळ्यांसमोर गिनोसारची होडी नव्हतीच. अश्दोदच्या मरीनात कोरड्या जमिनीवर टेकूंवर उभी असलेली माझ्या दादाची होडी होती.

दादा अश्दोदच्या बंदरात क्रेनचा मेकॅनिक होता. २००८ साली त्याने एक जुनी होडी विकत घेतली : १९७९ साली इंग्लंडात बांधलेली, अठ्ठावीस फूट लांबीची, फायबरग्लासची, एका डोलकाठीची. वहिनींनी महिनाभर अबोला धरला होता. दादाने होडीला आमच्या आईचे नाव दिले आणि तो अबोला संपवला. रेवदंड्याला आमचे बालपण कुंडलिकेच्या खाडीकाठी गेले, त्यामुळे पाण्याची ओढ त्याला होतीच. नवगावच्या किनाऱ्यापाशी आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, ही आपली कथा निघाली की तो हसून म्हणे, “त्या तांडेलाने निघण्यापूर्वी दोर तपासले असते, तर आपण कोकणी झालोच नसतो!” हे वाक्य मी येथे मुद्दाम लिहिते आहे, पुढे त्याची आठवण होईल.

दादा २०२१ साली गेला. त्यानंतर होडी जागीच बांधून पडली. मुलगा सैन्यात होता आणि वहिनींनी तिकडे पाऊल टाकले नाही. आपल्याकडील समुद्र उबदार. अशा पाण्यात रंगाचा थर निकामी झालेल्या तळावर शेवाळ आणि शिंपले किती झपाट्याने वाढतात, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून पटणार नाही. गेल्या शरदात भाचा सैन्यातून सुटून आला आणि म्हणाला, “आत्या, मी आबांची होडी नवी करणार. उन्हाळ्यात सायप्रस.” वाचक म्हणतील, आत्या म्हणणारा तो भाचा कसा, पुतण्या नव्हे काय? होय, भावाचा मुलगा स्त्रीला भाचाच. आमच्या शाळेतील एका तरुण शिक्षिकेलाही हे मला नुकतेच समजावून सांगावे लागले. असो.

हैफाहून लार्नाका सुमारे एकशे चाळीस सागरी मैल. ताशी पाच मैलांच्या वेगाने जाणाऱ्या होडीला एक दिवस आणि वर काही तास लागतात. त्यातला बहुतेक वेळ कोणताही किनारा दिसत नाही. भाच्याने साठवलेल्या पैशांतून प्रथम काय घेतले असेल? नकाशा दाखवणारा रंगीत पडदा, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र, बारीकसा फ्रिज आणि निळ्या रंगाच्या नव्या गाद्या. होडी धुऊनपुसून त्याने लखलखीत केली, आणि पाण्यातून बाहेर न काढताच माझ्या धाकट्या मुलाला सोबत घेऊन दोनदा समुद्रात फेरीही मारून आला. दुसऱ्या वेळी वारा चांगला जोराचा होता आणि होडी एका कुशीवर चांगलीच कलली, हे माझ्या मुलाने घरी येऊन मोठ्या आनंदाने सांगितले.

नव्या गाद्या पाहण्यासाठी म्हणून मी गेले. शिक्षकाला वहीची पाने उलटण्याची खोड असते; तशी मी निजण्याच्या फळीमागची कपाटे उघडून पाहिली. डाव्या बाजूच्या कपाटात, छताला लागून, एक तपकिरी ओघळ उतरलेला होता. लोखंडी खिळ्याखाली पावसाळ्यात भिंतीवर दिसतो, अगदी तसा. मी विचारले, “हे काय?” भाचा म्हणाला, “चव्वेचाळीस वर्षांची होडी आहे, आत्या. डाग असायचेच.” तो असे म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा डाग ठाऊक असलेल्याचा होता. मी तेथेच सांगितले, की जाणकार तपासनिसाकडून होडी तपासून घेतल्यावाचून माझा मुलगा तिच्यावर पुन्हा चढणार नाही. आणि तपासणीची फी मी देईन, ती त्याच्या वाढदिवसाची भेट समजावी. त्याला राग आला. आठवडाभर फोन नव्हता. मग आला.

होडी पट्ट्यांत उचलून जमिनीवर घेतली. तपासनीस म्हणून आलेले गृहस्थ सत्तरीचे, मितभाषी. त्यांच्याजवळ यंत्रे होती, परंतु पहिला तासभर त्यांनी फक्त प्लास्टिकच्या डोक्याची एक लहान हातोडी वापरली. तळाच्या प्रत्येक वीतभर अंतरावर टकटक. आपण बाजारात मडके घेताना बोटाने वाजवून पाहतो, तसे. जेथे फायबरग्लासचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात तेथे आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी मुरले असेल तर भदभदीत. वरच्या डेकवर मात्र दोन ठिकाणी हातोडीने भद असा आवाज दिला. ह्या काळातील पुष्कळ होड्यांचे डेक दोन पातळ फायबरग्लासच्या पडद्यांमध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड भरून केलेले असतात. वर बसवलेल्या एखाद्या कडीच्या बोल्टभोवतीचा लुकण सुकला, की पाणी थेंबाथेंबाने त्या लाकडात शिरते आणि ते ओल्या पावासारखे होते. बाहेरून काही दिसत नाही. पाय ठेवला की डेक किंचित दबते, इतकेच.

मग त्यांनी त्या तपकिरी ओघळाकडे मोर्चा वळवला. डोलकाठी आपल्या बळावर उभी नसते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आमच्या होडीत ती आठ पोलादी तारांनी चहूकडून ताणून धरलेली आहे. प्रत्येक तार एकोणीस तंतूंची. सहा मिलिमीटर जाडीची असली तार सुमारे तीन टनांच्या भाराला तुटते, म्हणजे तिच्या अंगी बळ भरपूर. परंतु तारेचे खालचे टोक ज्या पोलादी पट्टीला अडकवलेले असते, ती पट्टी डेकमधून आरपार खाली जाऊन होडीच्या अंगाला बोल्टांनी बांधलेली असते. वाऱ्याचा सगळा जोर शेवटी त्या पट्टीवर. आणि ती जेथे डेकमधून जाते, तेवढा दोन बोटांचा भाग कोणालाच दिसत नाही.

तेथे काय घडते ते थोडे विस्ताराने सांगते, कारण मला स्वतःला ते उमजायला दोन दिवस लागले. स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही असे आपण समजतो. आपली भांडी वर्षानुवर्षे चकचकीत राहतात. त्याचे कारण असे, की त्यातील क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ कवच तयार होते. ओरखडा पडला तर हवा लागताच कवच पुन्हा भरते. म्हणजे स्टेनलेस स्टीलला जिवंत राहायला श्वास लागतो. डेकच्या फटीत खारे पाणी साचून राहिले, तेथे हवा पोहोचली नाही, तर फाटलेले कवच पुन्हा जुळत नाही आणि मीठ त्या उघड्या जागी पोखरू लागते. वर चकाकी, खाली चकाकी, आणि मधली दोन बोटे आतून खाल्लेली. लोखंड निदान आपली दुर्दशा लाल रंगाने जगाला दाखवते. हे तसे करत नाही. फारतर एक ओघळ.

डाव्या बाजूची ती पट्टी सोडवून बाहेर काढली. मध्यभागी तिची जाडी एक-तृतीयांशही उरली नव्हती, आणि उरलेल्या भागात केसासारखी एक आडवी भेग. तपासनिसांनी ती भाच्याच्या हातात दिली आणि विचारले, त्या वाऱ्याच्या दिवशी वारा कोणत्या बाजूने होता? तो काही बोलला नाही. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या तारा ताण सोसतात. माझ्या मुलाने दिलेल्या वर्णनावरून मला उत्तर ठाऊक होते. त्या दिवशी ती पट्टी तुटती तर डोलकाठी क्षणात आडवी झाली असती, आणि माझा सोळा वर्षांचा मुलगा तिच्या पायथ्याशी बसलेला होता.

ह्यानंतर तळातील कॉक पाहिले. होडी म्हणजे पाणी बाहेर ठेवण्याचे भांडे असे आपण मानतो, पण प्रत्यक्षात तिच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोके असतात : इंजिन थंड करण्याचे पाणी घेण्यासाठी, संडाससाठी, मोरीसाठी. आमच्या होडीला अशी सहा. प्रत्येकावर एक कॉक आणि पुढे रबरी नळी. ह्या सहांतले दोन कॉक साध्या पितळेचे निघाले. पूर्वीच्या कोणा मालकाने स्वस्तात बसवलेले. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याची सच्छिद्र जाळी राहते. आकार तोच, आटे तेच, फक्त रंग गुलाबीसर. तपासनिसांनी हातोडीचा एक हलका टोला दिला आणि एका कॉकचे तोंड बिस्किटासारखे तुटून पडले. अर्ध्या मीटर पाण्याखालच्या एक इंची भोकातून किती पाणी आत येईल, हे मी घरी येऊन कागदावर मांडले. मिनिटाला पन्नास लिटरहून अधिक. तीन मोठ्या बादल्या, दर मिनिटाला. भाच्याने ते गणित पाहिले आणि गाद्यांचे बिल ज्या फाइलमध्ये ठेवले होते, त्याच फाइलमध्ये ते ठेवले.

नवे कॉक ब्राँझचे किंवा फायबरने बळकट केलेल्या प्लास्टिकचे घ्यावेत, आणि प्रत्येक नळीला दोन-दोन क्लिपा लावाव्यात, असे आम्हांला सांगण्यात आले. शिवाय प्रत्येक कॉकजवळ मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवायची. कॉक तुटलाच तर ती भोकात ठोकायची. खुंटीची किंमत नगण्य. सबंध होडीत माझ्या मते ह्याहून शहाणपणाची वस्तू नाही.

तळाखालचा बिडाचा जड भाग, ज्याला कील म्हणतात, तो होडीला बोल्टांनी जोडलेला असतो. त्याच्याच वजनामुळे कललेली होडी पुन्हा सरळ होते. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफीकी’ नावाची चाळीस फुटी होडी अँटिग्वाहून इंग्लंडला जात असता अटलांटिकच्या मध्यावर तिची कील निखळली आणि होडी उलटली. चौघेही खलाशी गेले. जीवरक्षक तराफा उलट्या होडीत न उघडता तसाच सापडला. त्या अपघाताच्या चौकशीच्या अहवालात असे म्हटले आहे, की पूर्वी ही होडी अनेकदा तळ जमिनीला लागून रुतली होती, आणि त्या धक्क्यांनी व नंतरच्या दुरुस्त्यांनी सांधा अशक्त झाला असण्याचा संभव आहे. हे मी एवढ्यासाठी सांगते, की दादाच्या वहीत २०१४ सालच्या पानावर त्याच्या हस्ताक्षरात लिहिलेले होते : “वाळूत टेकली. अर्धा तास. काही नुकसान नाही.” आम्ही कीलचे सगळे नट एक-एक करून सोडवले, एक बोल्ट पूर्ण उपसून पाहिला. ते सुस्थितीत निघाले. त्या दिवशी भाच्याने प्रथमच मला मिठी मारली.

त्या वहीविषयी थोडे लिहायला हवे. दादा व्यवस्थित माणूस. दरवर्षीची नोंद आहे : तळ खरवडला, शेवाळरोधक रंगाचे दोन हात दिले, जस्ताचे गोळे बदलले, इंजिनाचे तेल, पाण्याच्या पंपातील रबरी चक्री, डिझेलचे गाळणे. जस्ताचा गोळा होडीच्या पंख्याजवळ बसवतात. तो स्वतः झिजतो आणि इतर धातूंना वाचवतो. निम्मा झिजला की बदलायचा. तेरा वर्षे दादाने ह्यातले काही चुकवले नाही. पण तारांची नोंद कोठेही नाही. पट्ट्यांची नाही. साधारण दहा ते पंधरा वर्षांत ह्या तारा बदलाव्यात असे जाणकार सांगतात, आणि पुष्कळ विमा कंपन्याही तसे मागतात. आमच्या तारांचे वय कोणालाच माहीत नाही. दादाने होडी घेतली तेव्हाही त्या जुन्याच असाव्यात. बंदरातल्या क्रेनच्या तारा दर ठरावीक मुदतीने तपासणारा माणूस! त्याला हे कळत नव्हते असे म्हणवत नाही. तारा चकचकीत दिसत होत्या, इतकेच मी समजू शकते.

मी हे वहिनींसमोर बोलले, ते बोलायला नको होते. त्या म्हणाल्या, “वन्सं, जाणाऱ्याच्या चुका काढायला आता होडीचे निमित्त हवे होते का?” मी निरुत्तर झाले. खरे सांगायचे तर माझ्या मनात दादाची चूक काढणे नव्हते. मला त्याचा राग आला होता, आणि दोन्हींत फार अंतर नाही. नवगावच्या तांडेलाची थट्टा करणारा माझा भाऊ, आणि त्याच्या होडीत माझा मुलगा.

त्या रात्री वहिनींनी आपला निर्णय सांगितला : होडी आहे तशी विकून टाकावी. बाजारात तिचे चाळीस हजार शेकेलच्या आसपास येतील, आणि दुरुस्तीचा अंदाज बत्तीस हजारांचा होता. हिशेब वहिनींच्या बाजूने होता. भाचा म्हणाला, “पट्ट्या-कॉकांचे सांगून विकली तर दहासुद्धा कोणी देणार नाही.” खोलीत कोणी काही बोलले नाही. मग वहिनींनीच विचारले, “आणि न सांगता?” भाच्याने मान हलवली, नाही म्हणून. वहिनी म्हणाल्या, “मीही तसे म्हणत नव्हते.” पुढच्या कोणाच्या मुलाला त्या डोलकाठीखाली बसवायचे नाही, एवढ्यावर आमचे तिघांचे प्रथम एकमत झाले. एकदा हे ठरल्यावर ‘विकावी की ठेवावी’ हा प्रश्न मागे पडला. काहीही केले तरी दुरुस्ती आधी, किंवा होडी मोडीत.

मोडीत काढणे हाही अपमानाचा मार्ग नव्हे, हे मला गिनोसारला समजले. त्या होडीचा अभ्यास करणाऱ्या स्टेफी ह्या अमेरिकन तज्ज्ञाचे मत असे, की अखेरीस कामाचे सर्व भाग काढून घेऊन तिचा सांगाडा पाण्यात सोडून दिला होता. डोलकाठी ज्या ठोकळ्यात बसते तो ठोकळासुद्धा नाही. त्याच्या खिळ्यांच्या खुणा तेवढ्या आहेत. म्हणजे इतकी वर्षे ठिगळे लावणाऱ्या त्या मालकाला कोठे थांबायचे हेही कळत होते. हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, “आमची अजून तेथे आलेली नाही. तळ खणखणीत वाजला ना?” त्याचे मराठी मोडके आहे, ‘खणखणीत’ हा शब्द त्याने माझ्याकडूनच त्या आठवड्यात उचलला होता.

कामाचा क्रम तपासनिसांनी लिहून दिला आणि आम्ही तो काटेकोर पाळला. बुडवील ते आधी, डोलकाठी पाडील ते नंतर, आग लावील ते त्यानंतर. गाद्या आणि पडदे शेवटी. सहाही कॉक बदलले. आठही पट्ट्या काढल्या; पाच नव्या करून घेतल्या, तीन तपासून, घासून परत बसवल्या. डेकच्या त्या दोन जागा वरून कापून, कुजलेला बाल्सा काढून नवा भरला, आणि आता प्रत्येक बोल्टासाठी आधी मोठे भोक पाडून ते इपॉक्सीने भरायचे, त्यातून पुन्हा लहान भोक पाडायचे, म्हणजे पुढे पाणी शिरलेच तर लाकडापर्यंत पोहोचणार नाही, अशी पद्धत आहे. हे काम कंटाळवाणे आणि भाच्याने ते सुंदर केले. विजेच्या तारा काही ठिकाणी फ्यूजशिवाय जोडलेल्या होत्या, त्या त्याने काढल्या. काही त्याच्या स्वतःच्याच नव्या फ्रिजसाठी ओढलेल्या होत्या, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. तळाच्या रंगाखाली वाटाण्याएवढे काही फोड होते. जुन्या फायबरग्लासमध्ये पाणी झिरपून असे फोड येतात, फोडला तर आतून आंबट वासाचे पाणी निघते. त्यांचे भय फार सांगितले जाते. आमचे मोजकेच असल्यामुळे ते घासून, धुऊन, वाळवून भरले, आणि काम तेवढ्यावर भागले.

वाळवणे मात्र वाटते तितके सोपे नाही. गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे आणि मग आठवडेच्या आठवडे थांबायचे. त्या दिवसांत मला रेवदंड्याचे पावसाळे फार आठवले. आषाढापूर्वी कोळी आपल्या होड्या ओढून वर घेत, विणलेल्या झावळ्यांनी शाकारून ठेवत, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचे नाव नसे. पाऊस उघडला की आवरण काढून फळ्यांचे सांधे कापूस आणि राळ ठोकून भरायचे, माशाचे तेल चोळायचे. आम्हां मुलांना त्या तेलाची दुर्गंधी नको वाटे. समुद्र बंद असे म्हणून त्यांना दरवर्षी सबंध होडी बोटांखालून घालणे भाग पडे. येथे समुद्र बाराही महिने खुला, आणि फायबरग्लास कुजत नाही म्हणून कोणी वर काढत नाही, काढलीच तर रंगासाठी चार दिवस. दादाच्या वहीत दरवर्षीचे ते चार दिवस आहेत.

सायप्रस ह्या उन्हाळ्यात नाही. हे भाच्याने स्वतः सांगितले. मला सांगावे लागले नाही. पैसे संपले आहेत. आठांपैकी सहा तारा नव्या बसल्या, दोन राहिल्या आहेत आणि त्या आल्याशिवाय होडी पाण्यात उतरायची नाही. नकाशाचा तो रंगीत पडदा बिल सापडत नसल्याने दुकानदाराने परत घेतला नाही. तो आमच्या कपाटात खोक्यात बंद आहे. वहिनी गेल्या शुक्रवारी प्रथमच मरीनात आल्या. शिडीवरून वर चढल्या नाहीत. खालूनच होडीभोवती एक फेरी घातली, आईच्या नावाची अक्षरे पुसट झाली आहेत ती पुन्हा रंगवा म्हणाल्या, आणि सहाही लाकडी खुंट्यांच्या दोऱ्या बांधून झाल्या का, असे विचारले. चार बांधून झाल्या होत्या. उरलेल्या दोन त्यांनी घरी नेल्या आहेत. दोरीची गाठ मला मारता येत नाही, तुम्ही जाड सुतळी आणून द्या म्हणाल्या.

पाठांतराविषयी पुढील अंकी.